तिरंदाजीतील ‘टार्गेट पॅनिक’: हात ऐकत नाही तेव्हा काय करावे?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला एक आई आपल्या मुलीला घेऊन मैंदर्गीतील माझ्या दवाखान्यात आली. मुलगी अकरावीत, सोलापूरला राहून तिरंदाजीचा सराव करणारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आईने बसायच्या आधीच सुरुवात केली, “डॉक्टर, हिचा हात बघा की जरा. धनुष्य ओढलं की बाण आपोआप सुटतोय म्हणती. तिकडं सगळी म्हणत्यात ही घाबरती. घरात साप निघाला तर काठी घेऊन पुढं होती ही पोरगी. कागदाला कशी घाबरंल?”

मुलगी खाली मान घालून बसली होती. घरच्यांनी कर्ज काढून धनुष्य घेतले होते. चार महिन्यांत तिचे गुण इतके घसरले होते की निवड चाचणीला जाऊच नये असे तिला वाटत होते. ती एवढेच म्हणाली, “सर, मी सोडत नाही. तो सुटतो.”

तिच्या या एका वाक्यात सगळा आजार आला. या त्रासाला तिरंदाज ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. आपल्याकडे त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मुले लपवतात, पालक त्याला आळस किंवा भित्रेपणा समजतात, आणि आमच्यासारख्या डॉक्टरांनाही तो चटकन ओळखता येत नाही. म्हणून हा लेख.

हा त्रास नेमका काय आहे?

ऑलिम्पिकमधील रिकर्व्ह धनुष्याचे लक्ष्य ७० मीटरवर असते. लक्ष्याचा कागद १२२ सेंटीमीटर रुंद, आणि त्यातले दहा गुणांचे पिवळे वर्तुळ फक्त १२.२ सेंटीमीटरचे, म्हणजे साधारण चहाच्या बशीएवढे. कंपाउंड धनुष्याला अंतर ५० मीटर, कागद ८० सेंटीमीटरचा आणि दहाचे वर्तुळ ८ सेंटीमीटरचे. या पिवळ्या भागाला तिरंदाज ‘गोल्ड’ म्हणतात.

नीट बाण मारायचा तर दोरी ओढून हनुवटीपाशी टेकवायची, नेम धरायचा, थोडे थांबायचे, पाठीचे स्नायू हळूहळू ताणत न्यायचे आणि मग बाण सोडायचा. टार्गेट पॅनिकमध्ये हा क्रम तुटतो. तो प्रत्येकात थोडा वेगळा दिसतो:

- नेम पिवळ्यावर पोहोचण्याआधीच बोटे सुटतात.
- नेम पिवळ्याला नुसता शिवला तरी हाताला झटका बसतो आणि बाण जातो.
- नेम पिवळ्याच्या खाली किंवा बाजूला अडकतो. पुढचे चार बोटे अंतर काही केल्या कापता येत नाही, जणू हात कोणी धरून ठेवला आहे.
- नेम बरोबर बसतो, पण बोटे उघडतच नाहीत.
- रिकर्व्ह धनुष्यावर क्लिकर नावाची पातळ पट्टी असते. बाण पुरेसा मागे आला की ती ‘टक्’ वाजते आणि मग बाण सोडायचा असतो. काहींचा बाण तो आवाज व्हायच्या आधीच सुटतो, तर काहींना शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ओढताच येत नाही.
- कंपाउंड धनुष्यात रिलीजचे बटण हळू दाबण्याऐवजी त्यावर अंगठा किंवा बोट आपटले जाते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बाण कधी सोडायचा हा निर्णय तिरंदाजाच्या हातात राहत नाही.

असे का होते?

सायकल शिकतानाचे दिवस आठवा. रस्त्यात एकच दगड असतो, आपण त्याच्याकडेच बघतो, आणि चाक बरोबर त्याच दगडावर जाते. किंवा डोळ्यासमोर कोणी अचानक हात आणला की पापणी मिटते. कितीही ठरवले तरी ती उघडी राहत नाही. शरीराच्या अशा काही क्रिया विचाराच्या आधी घडतात.

तिरंदाज रोज शेकडो बाण मारतो. प्रत्येक वेळी दोन गोष्टी एकामागून एक घडतात: डोळ्याला पिवळे दिसते आणि बाण सुटतो. हजारो वेळा हे झाले की मेंदू दोन्ही गोष्टींची गाठ मारतो. घंटा वाजल्यावर कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटण्याचा पावलोव्हचा प्रयोग आपण शाळेत शिकलो आहोत. इथे घंटेच्या जागी पिवळे वर्तुळ आहे. ते दिसले की बोटांना आदेश जातो, तुमची परवानगी न घेता.

त्यात भर पडते ती सुटकेची. ताणलेले धनुष्य धरून नेमावर थांबणे कष्टाचे असते. खांदा दुखतो, श्वास रोखलेला असतो, चुकेल की काय ही धास्ती असते. बाण गेला की हे सगळे एका क्षणात संपते. मेंदूच्या दृष्टीने ही सुटका म्हणजे बक्षीसच. बाण कुठे लागला याच्याशी त्याला देणेघेणे नसते. लवकर सोडला की लवकर सुटका, एवढे तो शिकतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर सोडतो. म्हणूनच “आता जास्त बाण मार, सरावाने जाईल” हा सल्ला इथे उलटा पडतो. चुकीची सवय प्रत्येक बाणागणिक पक्की होत जाते.

हा त्रास नवशिक्यांपेक्षा चांगले गुण मिळवू लागलेल्यांमध्ये अधिक जाणवतो. गुणांची अपेक्षा वाढलेली असते, हाताला झेपण्यापेक्षा जड धनुष्य घेतलेले असते, आणि नेम अचूक हवा हा हट्ट मनात बसलेला असतो.

हा मनाचा दुबळेपणा आहे का?

नाही. बारीक, नेमके आणि पुन्हा पुन्हा करायचे काम जिथे असते तिथे असे प्रकार दिसतात. इंग्लंडचा एरिक ब्रिस्टो १९८० ते १९८६ या काळात पाच वेळा डार्ट्‌सचा जगज्जेता झाला आणि त्यानंतर त्याच्या बोटांतून डार्ट सुटेनासा झाला. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगर याला चेंडू हळूच ढकलताना हाताला झटका बसण्याचा त्रास वारंवार झाला. त्याने काठी धरण्याची पद्धतच बदलली आणि १९८५ व १९९३ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. खूप लिहिणाऱ्यांची बोटे लिहितानाच आखडतात, वादकांची बोटे वाजवतानाच वाकतात. यांतल्या काहींमध्ये दोष मुख्यतः स्नायूंना जाणाऱ्या आदेशात असतो, काहींमध्ये मुख्यतः धास्ती असते, आणि बऱ्याच जणांत दोन्हींची सरमिसळ असते.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. अंतिम सामन्यात ओजसने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला होता. यामुळे आज गावागावांतली मुले धनुष्य हातात घेत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण १५० पैकी १५० हा आकडा डोक्यात ठेवून पंधरा वर्षांच्या मुलाकडे बघितले की त्याला प्रत्येक नऊ हा गुन्हा वाटू लागतो. जिंकणाऱ्यांच्या छातीतही धडधड होतेच. टोकियो ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणात तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवले जात होते, ते अनेकांनी पाहिले असतील. धडधड असताना बाण नीट मारता येतो. टार्गेट पॅनिक ही त्याहून वेगळी गोष्ट आहे.

आधी शरीराची तपासणी

हात थरथरणे किंवा झटका बसणे याची इतरही कारणे असतात. ती वगळल्याशिवाय ‘पॅनिक’चा शिक्का मारू नये. दवाखान्यात मी पुढील गोष्टी बघतो:

- थायरॉईड: वजन घटणे, घाम येणे, विश्रांतीतही छातीत धडधडणे, पसरलेल्या बोटांना बारीक कंप. यासाठी टीएसएच ही रक्ततपासणी करतात.
- रक्त कमी असणे: किशोरवयीन मुलींमध्ये हे सर्रास आढळते. हिमोग्लोबिन तपासावे.
- उपाशीपोटी सराव आणि उपवास: साखर कमी झाली की हात कापतो.
- चहा, कॉफी आणि एनर्जी ड्रिंक.
- औषधे: दम्याचा साल्ब्युटामॉल पंप किंवा गोळ्या, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, काही मानसिक आजारांवरील औषधे. यामुळे कंप येऊ शकतो. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका.
- खांद्याची दुखापत, मानेची किंवा मनगटाची नस दबणे: दुखणे, मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणे.
- घराण्यात चालत आलेला कंप: पाण्याचा पेला धरताना, लिहितानाही हात हलतो.
- नजर: चष्म्याचा नंबर बदललेला असणे.

घरच्या घरी एक साधा फरक पाहता येतो. लक्ष्याचा कागद नसताना, अगदी जवळून, प्रशिक्षकासमोर बाण मारताना हात शांत राहतो आणि कागद लावला की बिघडतो, तर टार्गेट पॅनिकची शक्यता मोठी. पेला धरताना, बटण लावताना, लिहितानाही तोच त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलीला मी व्यायामाचा रबरी पट्टा दिला आणि कोऱ्या भिंतीकडे बघून धनुष्यासारखा ओढायला सांगितला. हात स्थिर. मग भिंतीवर एक पिवळी गोल चिकटपट्टी लावली आणि तिच्याकडे बघून ओढायला सांगितले. बोटांनी झटका दिला. धनुष्य नाही, बाण नाही, गुण नाहीत, तरीही. आई बघतच राहिली. मुलगी पहिल्यांदा हसली. आपण नाटक करत नाही हे आईला डोळ्यांनी दिसले होते.

गोळीबद्दल सावधान

इथे माझी एक चूक सांगतो. तपासण्या ठीक आल्या आणि मी सवयीने प्रोप्रॅनोलॉलची चिठ्ठी लिहायला घेतली. परीक्षेच्या किंवा भाषणाच्या आधी हात थरथरणाऱ्यांना हे औषध आम्ही कधीकधी देतो. मुलगीच म्हणाली, “सर, ही चालती का बघता? कुठलंबी औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय.” मी पेन ठेवले आणि शोधले. तिचे बरोबर होते.

प्रोप्रॅनोलॉल, अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातील औषधे तिरंदाजी आणि नेमबाजी या खेळांत बंदी घातलेली आहेत, कारण ती हृदयाचे ठोके आणि कंप कमी करतात. या दोन खेळांत ही बंदी स्पर्धेपुरती नाही, सरावाच्या काळातही लागू आहे. माझ्या एका चिठ्ठीने त्या मुलीवर खेळण्याची बंदी आली असती. शिवाय दम्याच्या रुग्णांना हे औषध धोक्याचे ठरू शकते. आणि मुख्य म्हणजे, डोळा आणि बोट यांची जी गाठ बसली आहे ती गोळीने सुटत नाही.

म्हणून खेळाडू आणि पालकांनी लक्षात ठेवा: डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, “आम्ही स्पर्धेत खेळतो, डोपिंग चाचणी होऊ शकते.” सर्दी-खोकल्याच्या औषधालाही हेच लागू. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी एखादे औषध खरोखर गरजेचे असेल तर परवानगीसाठी अर्ज करण्याची सोय असते. त्याबद्दल राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था म्हणजे ‘नाडा’कडे विचारावे. लेबल नसलेली चूर्णे, ‘ताकदीच्या’ पुड्या घेऊ नका. आणि रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या घरातल्या मोठ्यांची गोळी मुलांना ‘अर्धी’ म्हणूनही देऊ नका.

मग उपाय काय? बाण न सोडायला शिकणे

उपचाराचे सूत्र एकच आहे. पिवळे दिसणे आणि बाण सुटणे यांची गाठ सोडवायची. त्यासाठी पिवळे दिसूनही बाण न सोडण्याचा अनुभव मेंदूला पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. ओढलेले धनुष्य बाण न सोडता हळूच परत आणण्याला तिरंदाज ‘उतरवणे’ म्हणतात. या आजारात ते सर्वांत मोठे औषध आहे.

पुढील क्रम प्रशिक्षकांच्या अनुभवातून आणि भीतीवरच्या वर्तनोपचाराच्या तत्त्वांतून आलेला आहे. तो प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा.

१. गुण बंद. पहिले दोन-तीन आठवडे गुण मोजायचे नाहीत, स्पर्धा नाही, मित्रांशी पैज नाही. शक्य असेल तर हलक्या ताणाचे धनुष्य घ्या.

२. कागदाशिवाय, जवळून. बाण अडवणाऱ्या जाड गठ्ठ्यावरचा कागद काढून टाका. तीन-चार मीटरवर उभे राहून मारा. कुठे लागला ते बघायचे नाही. दोरी कशी टेकली, पाठ कशी ताणली, बोटे कशी सैल झाली, एवढ्यावर लक्ष द्या. नेम गठ्ठ्यावर स्थिर झाल्यावर डोळे मिटून मारण्याचाही उपयोग होतो. पण तो फक्त प्रशिक्षक शेजारी असताना, इतक्याच जवळून आणि आसपास कोणी नसताना.

३. नेम धरा आणि उतरवा. आता कागद लावा. ओढा, नेम पिवळ्यावर आणा, तीनपर्यंत मोजा आणि उतरवा. बाण सोडायचा नाही. सुरुवातीला नेम पिवळ्यावर टिकणारच नाही. मग निळ्यावर किंवा काळ्यावर थांबा आणि हळूहळू आत या. रोज असे पंधरा-वीस वेळा करा, मध्ये विश्रांती घ्या. (बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. धनुष्य तुटून इजा होऊ शकते.)

४. मिसळून करा. तीन वेळा उतरवा, चौथ्यांदा सोडा. सोडायचे की उतरवायचे हे ओढण्याआधी ठरवा किंवा प्रशिक्षकाला ऐनवेळी सांगू द्या. ठरवले होते उतरवायचे आणि बाण सुटला, तर तो बाण पिवळ्यात लागला तरी चूकच समजा. ठरवले होते सोडायचे आणि तुमच्या निर्णयाने सुटला, तर तो कागदाबाहेर गेला तरी बरोबर.

५. अंतर हळूहळू वाढवा. मोठा कागद आणि पाच मीटर, मग दहा, मग अठरा, मग तीस. सलग तीन-चार दिवस बहुतेक बाण स्वतःच्या निर्णयाने सुटले तरच पुढची पायरी. बिघडले तर एक पायरी मागे. मागे येणे म्हणजे हार नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

६. स्वतःचे शब्द ठरवा. ओढण्यापासून सोडण्यापर्यंत मनात म्हणायचे तीन-चार छोटे शब्द ठेवा: ‘ओढ, टेक, थांब, पाठ’. मन या शब्दांना धरून राहिले की ‘सुटेल का’ या विचाराला जागा उरत नाही. शब्द ज्या भाषेत सहज येतील त्या भाषेत असू द्या. आमच्या मैंदर्गीत अनेक घरांत कन्नड बोलतात. त्या मुलीला मराठीत मोजताना घाई व्हायची. ‘ओंदू, एरडू, मूरू’ म्हटले की हात थांबायचा.

७. शेवटी ताण परत आणा. आधी दोन जण बघत असताना, मग छोटी सराव स्पर्धा, मग घड्याळ लावून. वैयक्तिक सामन्यात आळीपाळीने मारताना एका बाणाला फक्त २० सेकंद मिळतात. एवढ्या वेळात एकदा उतरवून पुन्हा ओढता येते की नाही, याचा सराव आधीच करून ठेवा. ‘मला उतरवता येते’ ही खात्री असली की घाई आपोआप कमी होते.

काही जणांना रिलीजचा प्रकार बदलल्याने, किंवा क्लिकर काही काळ काढून ठेवल्याने फायदा होतो. पण फक्त साहित्य बदलले आणि सवय बदलली नाही, तर काही आठवड्यांत त्रास परत येतो. नवे महागडे धनुष्य घेण्याआधी हे लक्षात ठेवा.

किती दिवस लागतात? काहींना सहा-आठ आठवडे, काहींना कित्येक महिने. ताणाच्या काळात त्रास पुन्हा डोके वर काढू शकतो. तेव्हा न घाबरता दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर परत जा.

सोबत शरीराची काळजी

सात-आठ तास झोप. सरावाआधी दीड-दोन तास भाकरी, डाळ, केळे असे काही पोटात असावे. चहा सरावानंतर. खांदा आणि पाठीचे व्यायाम आठवड्यातून तीन वेळा, कारण थकलेला खांदा सुटकेची घाई करतो. ओढण्याआधी दोनदा सावकाश श्वास सोडा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.

पालकांनी काय करावे, काय टाळावे

“किती गुण पडले?” हा घरी येताच विचारला जाणारा प्रश्न काही महिने बंद करा. “आज किती वेळा उतरवलंस?” असे विचारा. “एवढा पैसा घातला” हे वाक्य मुलाला आधीच पाठ असते, ते पुन्हा ऐकवू नका. इतर मुलांसमोर चिडवणे, शिक्षा म्हणून जादा बाण मारायला लावणे याने त्रास वाढतो. प्रशिक्षकांशी शांतपणे बोला. त्यांनाही आपल्या खेळाडूचे काय चुकते आहे ते कळत नसते, आणि तेही काळजीतच असतात.

डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी जावे?

- धनुष्य हातात नसतानाही कंप, धडधड किंवा वजन घटणे असेल तर.
- हातात मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, सतत दुखणे असेल तर.
- लिहिताना किंवा इतर बारीक कामातही बोटे वाकडी होत असतील, आखडत असतील तर. यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाचा सल्ला लागतो.
- सरावाला जायच्या विचारानेच श्वास कोंडणे, उलटी होणे, झोप उडणे असेल तर.
- मूल गप्प झाले, जेवण तुटले, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलू लागले तर. हे कधीही हलक्यात घेऊ नका. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे झाल्यास त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खेळ काही दिवस पूर्ण सोडला तर बरे होईल का?
थोडी विश्रांती खांद्याला आणि मनाला चांगली. पण नुसत्या विश्रांतीने गाठ सुटत नाही. परत आल्यावर पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करावी लागते.

थोडी दारू घेतली की हात स्थिर होतो, असे ऐकले. खरे आहे का?
दारूने अंदाज आणि तोल बिघडतो, आणि हातात शस्त्र असते. खेळाडूच्या वयाचा विचार केला तर हा प्रश्नच उद्भवू नये.

हे पूर्ण बरे होते का?
बहुतेकांना पुन्हा चांगले खेळता येते. मात्र ‘कधीच येणार नाही’ अशी हमी कोणी देत असेल तर सावध राहा. आला तर काय करायचे हे माहीत असणे, हेच खरे बरे होणे.

ती मुलगी निवड चाचणीला गेली नाही. त्या वर्षीची संधी हुकली, आणि आईला ते फार लागले. साडेपाच महिन्यांनी ती आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दवाखान्यात आली. मी विचारले, “काय गं, आता कसं आहे?”

“येतं सर अधूनमधून. पण आता मी उतरवते.”

पुढे तिने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात ती ओढते, नेम धरते, थांबते आणि धनुष्य खाली घेते. एकही बाण जात नाही. व्हिडिओ काढणारी तिची आई होती, आणि मागून तिचा आवाज ऐकू येत होता: “शाब्बास!”

(हा लेख माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असते. तपासणी आणि औषधांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)